ठकूबाईच्या सात गळत्या

बालाघाटाच्या कुशीत बोरटेक नावाचं गाव आहे. त्या वर्षीच्या चातुर्मासात निवांत महाराजांचा मुक्काम तिथल्या मारुतीच्या देवळात होता. महाराजांचं मूळ नाव कुणाला ठाऊक नव्हतं. त्यांना कधी कुणी घाई करताना पाहिलं नाही, म्हणून लोकांनीच हे नाव ठेवलेलं. अंगावर एक पंचा, हातात एक काठी, आणि तोंडावर असं हसू, की तापट माणसाला ते पाहून आणखी ताप यावा!

तसा ताप ठकूबाईला रोज यायचा. पण तो महाराजांमुळे नव्हे, घरामुळे.

ठकूबाई गावभरच्या वाकळा शिवायची. फाटक्या लुगड्यांना जोड देऊन तिनं शिवलेली वाकळ दहा वर्षं उसवत नसे. पण तिचं स्वतःचं दोन खणांचं माळवद? ते एका बाजूनं शिवलं की दुसऱ्या बाजूनं उसवायचं. नवरा होता तोवर दर जेठात तो छपरावर पांढरी माती टाकायचा, चोपून बसवायचा. तो गेला आणि घरानं जणू ठरवलंच, की धनी नाही, आता ह्या बाईला बघून घेऊ.

माळवदाचं घर ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते. लाकडी तुळयांवर फळ्या, फळ्यांवर पाला आणि वर पांढऱ्या मातीचा थर, असं ते सपाट छप्पर असतं. ही माती पाण्याला आत येऊ देत नाही. ती कुठेही मिळत नाही. गावाबाहेर जुनी, मोडलेली वस्ती आहे, तिला पांढर म्हणतात, तिथूनच ती आणायची. बोरटेकचा रिवाज असा, की जेठात सगळ्यांनी मिळून पांढर खणायची आणि ज्याच्या घराचे जेवढे खण तेवढी माती त्याला द्यायची. कमी नाही, जास्त नाही.

त्या वर्षी मात्र अंबादासराव मोकाशांनी आपल्या बैलगाड्या आदल्या दिवशीच पांढरीवर नेल्या. त्यांचा सोपा नवा, तुळया सागवानी, पाणी पडायला पितळेच्या पन्हळी. नव्या घराला नव्या घरासारखाच थर हवा, म्हणून त्यांनी हातभर उंच माती घातली. ठकूबाई टोपलं घेऊन गेली तेव्हा खड्ड्यात खडेच शिल्लक होते.

"मोकाशी, माझ्या वाटणीची माती?" तिनं विचारलं.

"ठके, तुझ्या दोन खणांना माती कशाला?" मोकाशी मिशीत हसले. "वर गवत उगवलंय की छान. एखादी शेळी सोड चरायला, दूधही मिळंल."

बरोबरची माणसं हसली. ठकूबाई रिकामं टोपलं घेऊन परतली, आणि घराला जेवढ्या शिव्या येत होत्या तेवढ्या देऊन झोपली.

आता आश्विन लागला. महाराजांनी आषाढात धरलेल्या तीन महिन्यांच्या व्रताचं पारणं जवळ आलं. पारण्याचा मान कुणाचा, हे त्या गावात चिठ्ठी टाकून ठरे. प्रत्येक घरच्या नावाची चिठ्ठी मारुतीपुढच्या तांब्यात. मोकाशांनी तर चिठ्ठी निघायच्या आधीच दारात मांडव घातला होता! पुजाऱ्यानं हात घातला, चिठ्ठी उघडली, आणि अडखळत वाचली, "ठकूबाई... वाकळवाली."

ठकूबाईला आधी आनंद झाला, आणि मग घर आठवलं.

मोकाशी उठले. "चिठ्ठी देवाची, ती मला मान्य. पण जिच्या घरात बसायला कोरडी जागा नाही, ती महाराजांना बसवणार कुठं? गळतीखालच्या तवलीत?"

पंचांनी महाराजांकडे पाहिलं. महाराज भुईमुगाची शेंग फोडत होते. शेवटी पंचांनीच ठरवलं, आठ दिवसांनी पारण्याच्या दुपारी महाराजांचा पाट ठेवण्यापुरती जागा कोरडी असली, तर जेवण ठकूबाईकडे. नसली तर मोकाशांच्या सोप्यात.

ठकूबाई घरी आली, पदर खोचला आणि भिंतीला म्हणाली, "ऐकलंस? आता आठ दिवस तरी माणसासारखी राहा."

पण घर कसलं ऐकतं! पांढरीच्या खड्ड्यात आता पाणी साचलेलं, माती मिळेना. तिनं शेण आणि राख कालवली, शिडी लावून वर चढली, भेगा लिंपल्या. उतरताना शिडीची तिसरी पायरी मोडली. ठकूबाई वाचली, पण शिडी दारात आडवी झाली आणि दाराचं एक फळकुट घेऊन खाली आली. फळकुट ठोकायला घेतलं तर ठोक्यानं भिंतीचा पोपडा सुटला तो नेमका चुलीवर, आणि चुलीचा एक कान गेला. नवी चूल घातली, तर दमट हवेत ती चार दिवस वाळेचना. शेजारची गोदाक्का विस्तव मागायला आली, तिला ठकूबाई म्हणाली, "अक्का, विस्तव सोड, तू त्या दाराला हात लावू नको म्हंजे झालं."

"किती करशील गं एकटी?" गोदाक्का कळवळली.

"मी कुठं करतेय? घरच करतंय. मी नुसती त्याच्या मागं पळतेय."

रोज संध्याकाळी ती देवळात जाई, महाराजांच्या पायांवर डोकं ठेवी आणि गाऱ्हाणं मांडी. महाराज सगळं ऐकत. सातव्या दिवशी ती पार रडकुंडीला आली. "महाराज, एक धड केलं की दोन मोडतात. देवाला म्हणावं, परीक्षा घ्यायची तर घे, पण एका वेळी एकच पेपर दे!"

महाराज हसले. "माय, उद्या भाकरी ज्वारीची कर. आणि अंबाडीची भाजी."

एवढंच! ठकूबाई कपाळावर हात मारून घरी आली.

पारण्याचा दिवस उजाडला तो लख्ख. उन्हानं चूल एकदाची वाळली. ठकूबाईनं जमीन सारवली, रांगोळी घातली, महाराजांचा पाट मांडला. आणि दुपार व्हायच्या सुमाराला हस्ताचा पाऊस आला. हस्ताला लोक हत्ती म्हणतात. आला तो सोंडेनंच ओतायला लागला!

पहिली गळती पाटाच्या डाव्या अंगाला. तिनं तवली ठेवली. दुसरी चुलीजवळ, तिथं परात. मग दोन पितळ्या, मग तांब्या, मग कळशी. सातवी धार थेट पाटावर आली. आता घरात एकच भांडं उरलं होतं, पीठ मळायची काठवट. ठकूबाईनं तीही ठेवली, आणि मग तिच्या ध्यानात आलं, की स्वयंपाक करायला घरात काही राहिलेलं नाही.

ती तशीच भिंतीला टेकून बसली. टप, टप, टप. सात सुरांत घर तिच्यावर हसत होतं.

दारात मोकाशी आले, डोक्यावर मोठं छत्र, मागं पंच. ठकूबाईचं दार बुटकं. वाकल्याशिवाय आत येता येत नसे, आणि वाकायची मोकाशांना सवय नव्हती. त्यांनी बाहेरूनच आत डोकावलं. "दाखव ठके, कोरडी जागा."

ठकूबाईनं सात भांड्यांवरून नजर फिरवली. दाखवायला काही नव्हतंच.

"चला तर मग," मोकाशी पंचांकडे वळले. "आमच्या सोप्यात पानं मांडलीच आहेत."

तेवढ्यात महाराज आले. भिजलेला पंचा पिळला, दारात वाकले, आत शिरले, काठवट अलगद बाजूला सरकवून ओल्या पाटावर बसले. धार त्यांच्या खांद्यावर पडू लागली.

"माय, भूक लागली."

"महाराज, कशात करू?" ठकूबाईनं भांड्यांकडे बोट दाखवलं. "सगळी भांडी गळतीखाली हायेत. पीठ मळायला काठवट नाही, भाजीला तवली नाही."

"मग उचल की."

"उचलली तर घराचा चिखल हुईल!"

"तीन महिने पाहतोय, पाण्याला बसायला भांडी देतेस," महाराज म्हणाले. "आज मला बसवलंयस. कुणाला वाढायचं ते तू ठरव." मग दाराकडे वळून म्हणाले, "अंबादासराव, तुमच्या घरची सगळी माणसं इथं जेवायला बोलवा. आईसाहेबांनाही. माघारी कुणी राहू नये."

"ह्या दोन खणांत? ह्या पावसात?" मोकाशांना हसावं की चिडावं कळेना. आईसाहेब ऐंशीच्या, आणि दिवसभर सोप्यातल्या मधल्या तुळईखालच्या बाजेवरून न हलणाऱ्या. "महाराज, आई यायची नाही."

"मी बोलावलंय म्हणावं."

महाराजांचा शब्द मोडायची मोकाशांची छाती नव्हती. त्यांनी गड्याला पिटाळलं.

इकडे ठकूबाई महाराजांच्या खांद्यावर पडणारं पाणी बघत होती. आठ दिवसांचा, नव्हे, कित्येक वर्षांचा राग तिच्या नाकाच्या शेंड्यावर आला. "बुडू दे!" ती ओरडली. "बुडायचं तर बुडू दे हे घर! तुझं तू बघ रे बाबा देवा, मी दमले!" आणि तिनं काठवट उचलून दारातून पाणी भिरकावलं.

पाटावरची धार थांबली.

ठकूबाईला वाटलं, पाऊस थांबला. पण बाहेर तर हत्ती तसाच कोसळत होता! तिनं तवली उचलली. तिथली गळती थांबली. परात उचलली, पितळ्या उचलल्या, एकेक भांडं हातात येत गेलं आणि वरचं एकेक तोंड मिटत गेलं. शेवटी कळशी उचलली, तीही धार थांबली. भाविकहो, शरण जाणं म्हणजे दर वेळी हात जोडणंच असतं असं नाही. कधी माणूस वैतागून हात टेकतो, आणि देव तेवढ्यावरही समाधान मानतो!

मग काय विचारता! काठवटीत पीठ पडलं, भाकरी थापली, ती टम्म फुगली. आईसाहेब इरल्याखालून कुरकुरत आल्या, "मेल्यांनो, म्हातारीला भिजवून मारता का?" पण दारात वाकल्या, महाराजांना पाहून निवल्या आणि कोपऱ्यात बसल्या. सुना आल्या, नातवंडं आली, गडी आले. पंच आले, गोदाक्का आली. दोन खण केवढे, माणसं केवढी! तरी कुणाचा गुडघा कुणाला लागला नाही. मोकाशी तेवढे उंबऱ्याबाहेर छत्र धरून उभे.

पहिला घास महाराजांनी घेतला, आणि गावाच्या वरच्या अंगाला धाडकन आवाज झाला. भुई हादरली.

मोकाशी धावले. सोप्याची मधली सागवानी तुळई कडाडून मोडली होती. हातभर मातीनं पोटभर पाणी प्यायलं होतं, ते ओझं कुठलं लाकूड पेलणार! आईसाहेबांची बाज होती तिथं पांढऱ्या मातीचा ढीग पडला होता. बाजेचा एक पाय तेवढा बाहेर दिसत होता.

मोकाशी परत आले तेव्हा छत्र हातात नव्हतं. अंगभर पांढरा चिखल. ठकूबाईच्या दारात ते थांबले आणि वाकले. वाकून आत आले ते वर उठलेच नाहीत, तसेच महाराजांच्या पायांवर पडले.

"महाराज, आई तिथं असती तर..."

"आईसाहेब इथं आहेत. दुसरी भाकरी चालली आहे त्यांची," महाराज म्हणाले. "माझ्या पायांशी काय आहे? मान जिचा, तिला सांगा."

मोकाशी ठकूबाईकडे वळले. त्यांनी तिला 'ठके' म्हटलं नाही. "ठकूमाय," ते म्हणाले, "तुझ्या वाटणीची माती मी माझ्या डोक्यावर ठेवली होती." आणि त्यांनी तिच्यापुढे कपाळ टेकलं.

ठकूबाई गोंधळली, मागं सरली. मग तिनं त्यांच्यापुढं पत्रावळ मांडली आणि म्हणाली, "बसा. गरम हाय तवर खावा."

पाऊस उघडल्यावर मोकाशांनी गाडी किंवा गडी न लावता आपल्या कोसळलेल्या सोप्यातली माती स्वतः डोक्यावरून वाहिली आणि ठकूबाईच्या माळवदावर घातली. थर तेवढाच, जेवढा दोन खणांना शोभतो. महाराज खाली बाभळीच्या सावलीत शेंगा फोडत बसले होते.

आता सगळं नीट झालं म्हणावं, तर तिसऱ्या दिवशी दाराचं तेच फळकुट पुन्हा निखळलं. ठकूबाईनं कमरेवर हात ठेवून महाराजांकडे पाहिलं. "महाराज, एवढी सात तोंडं मिटवलीत, हे एक फळकुट काय जड होतं?"

"देवानं छप्पर धरलं, माय," महाराज म्हणाले. "दार धरायला माणूस दिलाय की."

आणि खरंच, अंबादासराव मोकाशी गुडघ्यांवर बसून दोन्ही हातांनी फळकुट धरून होते, मान खाली, तिच्या उंबऱ्याला कपाळ लागेल इतके वाकून. ठकूबाईनं खिळा लावला, हातोडी उचलली. "हलू नका," ती म्हणाली.

ते हलले नाहीत.