पहिला शिंगाडा तळ्याचा

एक होतं नगर. लग्नात दाबून जेवलेल्या मामासारखं चहूकडे पसरत चाललेलं. पसरता पसरता त्याच्या पोटाखाली एक निळंशार तळं आलं. तळ्याकाठी झोपडीत फुलवंता आणि तिची माय राहायच्या. दोघी तळ्यात उतरून शिंगाडे काढायच्या, तेच विकून चूल पेटायची. पण आता नगरातल्या पाडलेल्या घरांच्या विटा-फरशा ट्रक भरभरून तळ्यात पडत होत्या. तळं उरलं होतं परातीएवढं.

"सूर्य बुडेस्तोवर हेही बुजवतो," ठेकेदार म्हणाला. "टोपली उचल, पोरी."

माय गाठोडं बांधायला गेली. फुलवंतानं चिखलात हात घातला. एकच इवलासा, लालचुटुक शिंगाडा लागला. सकाळपासून पोटात काही नव्हतं. पण पहिला शिंगाडा तळ्याला परत द्यायचा, ही त्यांची रीत. तिनं तो पाण्यात सोडला.

पाणी चमचमलं. चतुर किड्यासारख्या पंखांची बोटभर परी वर आली. सोनेरी केसांत सिमेंट अडकलेलं.

"एक काहीतरी माग, बाळ. मात्र मला काही नाहीसं करता येत नाही. इथलं उचललं की दुसरीकडे ठेवावं लागतं. सूर्य बुडायच्या आत सांग."

"हा ढिगारा उचला."

"कुठं ठेवू? पलीकडच्या तळ्यात?"

तिथं फुलवंताची मावशी शिंगाडे लावायची. "तिथं नको."

"मग नदीत?"

"नदीत मासे आहेत ना."

ट्रकचा मागचा भाग वर उठू लागला. सूर्याची केशरी कड तेवढी उरली. परीच्या पंखांवरचे रंग एकेक करून विझू लागले. फुलवंतानं ढिगाऱ्यातल्या विटा-फरशांकडे बघितलं.

"परीबाई, ज्याचं त्याच्या घरी ठेवा."

"तुझंही?"

फुलवंता ओशाळली. "माझंही."

छुन्न झालं. रुपेरी, जांभळ्या ठिणग्या उडाल्या. तळं काठोकाठ मोकळं. फुलवंताच्या डोक्यात तिचीच तुटकी फणी, झोपडीत शाम्पूच्या रिकाम्या पुड्यांचा ढीग. नगरात घरोघरी पलंगावर जुन्या फरशा. आणि ठेकेदाराच्या नव्या बंगल्याला खिडकीपर्यंत विटा, वर त्याच्याच जुन्या घरातला संडास, राजाच्या सिंहासनासारखा.

"अहो, मी बाहेर कशी येऊ?" आतून बायको म्हणाली.

ठेकेदार पाटी घेऊन उपसायला लागला. अजून उपसतोच आहे. तेव्हापासून नगरातलं कुणीही काही फेकायच्या आधी आपल्या पलंगाकडे बघतं.

इकडे तळ्यावर शिंगाड्याचे हिरवे वेल सरसर पसरले. एका पांढऱ्या फुलात परी शिरली. फूल दिव्यासारखं उजळलं, सगळं पाणी सोन्याचं झालं, आणि परी दिसेनाशी झाली.

माय गाठोडं सोडायला बसली.