पंपाच्या पोटातली हवा

बरीच वर्षं झाली या गोष्टीला. एका घराच्या गच्चीवर पाण्याची टाकी होती आणि खाली शॉवरला जोर देणारा पंप. टाकी धुवायला रिकामी केली, तेव्हा पाइपातून हवा शिरली आणि पंपाच्या पोटात अडकली. पंपाला ते कळलं होतं. पण एवढ्याशा हवेपुढे आपलं काही चालत नाही, हे सांगायची त्याला लाज वाटली. तो नुसताच घरघरत राहिला.

अंगाला साबण लावून बसलेले दामूअण्णा कुडकुडू लागले. "विमल, अगं पाणी गेलं!" त्यांनी सुनेला हाक मारली.

"काय झालं, पंपदादा?" शॉवरने विचारलं.

"टाकीमावशी पाणीच सोडत नाही. थकली आता ती."

टाकी काठोकाठ भरलेली होती. तिने ते ऐकलं. "सोडते आहे रे," ती म्हणाली. "तुला काही होतंय का?"

पंप आणखीच मोठ्याने घरघरू लागला.

विमल गच्चीवर जाऊन टाकी बघून आली. मग तिने पंप बंद केला आणि त्याच्या डोक्यावरचा स्क्रू सैल केला. फुस्स करून हवा निघाली, मागोमाग पाणी आलं. तिने स्क्रू घट्ट करून पंप लावला.

"सोडलं बुवा टाकीने एकदाचं!" शॉवर म्हणाला.

पंपाला गप्प बसता आलं असतं. "तिचं काही चुकलं नव्हतं," तो कसाबसा म्हणाला. "हवा माझ्याच पोटात होती, आणि मला ते माहीत होतं. मावशी, तू रागावली असशील."

"मला तुझी घरघर ऐकूनच कळलं होतं," टाकी म्हणाली, आणि पाणी सोडत राहिली.

ती रागावली असती तर बरं झालं असतं, असं पंपाला वाटलं.