जिनाक्काचे डोळे

"आई आहाराला उभी का राहत नाही तुमची?"

महाराजांनी हे विचारलं तेव्हा डॉक्टर भरतेश मगदूम नमोस्तु करून पुरते सरळही झाले नव्हते.

"वय झालं, महाराज."

"मागच्या चातुर्मासात नव्हतं झालं?"



मी ह्या देवळाचा उपाध्ये. खांबाशी बसून चंदन उगाळत होतो. दोन माणसं मनातलं बोलायला लागली की तिसऱ्यानं उठावं, एवढी रीत मला कळते. पण महाराजांनी हातानंच 'बसा' म्हणून खुणावलं. आणि खरं सांगू का, मलाही उठायचं नव्हतं.

मगदुमांची जिनाक्का म्हणजे आहार द्यावा तर तिनंच, अशी बाई. मुनी महाराज दिवसातून एकदाच अन्नपाणी घेतात, उभ्यानं, ओंजळीत. ते पाणी विहिरीचंच लागतं आणि जाड फडक्यातून गाळलेलं लागतं. गाळल्यावर फडक्यावर जे बारीक जीव राहतात, ते परत त्याच विहिरीत सोडायचे. वरून झटकायचे नाहीत, पाण्यापर्यंत नेऊन हलक्या हातानं सोडायचे.

जिनाक्कानं साठ वर्षं हे केलं. ओढ्याकाठच्या विहिरीला चाळीस पायऱ्या. एकदा घसरून उजवा हात मोडला, तर डाव्यानं गाळलं. घरात नळ आला तरी नळाचं पाणी तोंडात घेतलं नाही. नळात जीव परत कसा सोडायचा, म्हणायची. आम्हाला काही उत्तर सुचायचं नाही.

"डोळे गेले तिचे," डॉक्टर शेवटी म्हणाले. "फडक्यावरचे जीव दिसत नाहीत."

"दिसत नाहीत... की नसतात?"

डॉक्टरांनी माझ्याकडं बघितलं. मी चंदनाकडं बघितलं.

"महाराज, मी वेगळ्याच कामासाठी आलो होतो," ते म्हणाले. "मला प्रायश्चित्त हवंय. माझ्या कामात सूक्ष्म जिवांची हिंसा होते. किती उपवास ते सांगा. दहा सांगितलेत तर मी वीस करीन."

मला राग आला. प्रायश्चित्त मागणारा माणूस मान खाली घालून मागतो. हे तर पंगतीत जिलबी मागावी तसं मागत होते.

"काम काय करता?" महाराजांनी विचारलं.

"रसायनं तपासतो. पाण्यात सोडली तर तिथल्या जिवांना लगेच किती अपाय होतो, ते बघायचं. पाणपिसू म्हणून जीव असतो, तिळाहून लहान. काचेच्या भांड्यांतून वीस-वीस पिल्लं सोडतो. एका भांड्यात साधं पाणी. बाकीच्यांत रसायन... थोडं, मग जास्त, मग आणखी जास्त."

"पिल्लं केवढी?"

"एक दिवसाच्या आतली."

"आणि त्यांच्या आया?"

"त्यांना वेगळं काढतो."

"खायला काय घालता?"

"काही नाही. दोन दिवस उपाशी ठेवायची, असा नियम आहे."

"बरं. मग?"

"अठ्ठेचाळीस तासांनी भांडं अलगद हलवायचं आणि पंधरा सेकंद बघायचं. जो पोहला नाही तो गेला, असं धरायचं."

"पंधरा सेकंद..."

महाराजांनी डोळे मिटले. मी मनातल्या मनात मोजायला लागलो. एवढासा वेळ, पण संपता संपेना.

"सोळाव्याला हलला तर?"

"तरी तो गेलेल्यांत."

"आणि पंधरात हलला तो?"

"वाचलेल्यांत."

"त्या वाचलेल्यांचं पुढं काय करता?"

"टाकून देतो."

"ओढ्यात?"

"नाही... मोरीत. आधी मारून. तसाच नियम आहे."

"म्हणजे वाचले तेही गेले."

"हो, पण कागदावर ते..."



ओढ्याच्या वरच्या अंगाला तीन वर्षांपूर्वी रंगाचा कारखाना झालाय. त्याचं धुण्याचं पाणी गेल्या दिवाळीपासून ओढ्यात येतं. त्या पाण्याला परवानगी कुणाच्या सहीनं मिळाली, हे गावात कुणी बोललं नव्हतं. आता डॉक्टर स्वतःच बोलले.

"तपासणी माझीच. कारखानेवाले म्हणाले तेवढ्या प्रमाणात वीसच्या वीस पोहत होते. मी सही केली. महाराज, माझ्या कामात चूक नव्हती. कुणालाही आणून तपासा."

"मग प्रायश्चित्त कशाचं मागताय?"

आता मात्र डॉक्टरांची मान खाली गेली.

 बाहेर शिखरावर पारवे घुमत होते.

"त्या तपासणीत शनिवारी दुपारी अठ्ठेचाळीस तास भरले," डॉक्टर हळू म्हणाले. "मी मोजलं, लिहिलं. भांडी टाकायची राहून गेली. मध्ये रविवार आला, सोमवारी सुट्टी होती. मंगळवारी कपाट उघडलं तर... साध्या पाण्यातली पिल्लं फिरत होती. बाकी सगळी तळाला. सगळ्यांत कमी रसायन होतं त्या भांड्यातलीसुद्धा. वीसच्या वीस."

"मग?"

"चाचणी शनिवारी संपली होती, महाराज. मंगळवारचं लिहायला कागदावर रकानाच नाही."

"मग काय केलंत?"

"भांडी धुतली."

 महाराजांनी शेजारची मोरपिसांची पिंछी उचलली आणि होती तिथंच पुन्हा ठेवली.

"आईंना कधीपासून दिसेना?"

"पौषापासून. एक दिवस ओलं फडकं घेऊन माझ्यापुढं आली. म्हणाली, भरतेश, तीनदा गाळलं, काहीच वळवळत नाही, बघ रे जरा. मी बघितलं. फडकं कोरं होतं. आणि मी... मी म्हणालो, आई, आहेत की. पुष्कळ आहेत. तुलाच दिसत नाहीत."

माझा हात सहाणेवरच राहिला.

खोटं मीही बोलतो. दक्षिणेला आलेल्या नारळांचं बोलतो, बायकोच्या स्वयंपाकाचं बोलतो. पण जन्मदात्या आईला आंधळी ठरवायचं? अरे, काय माणूस आहेस का कोण!

"तिनं ते फडकं घडी करून ठेवून दिलं," डॉक्टर सांगत होते. "म्हणाली, दिसत नाही तर माझ्या हातून घात होईल. विहीर सोडली. चूल सोडली. तांदूळ निवडायचे सोडले. आता दिवसभर खाटेवर बसते, पाय वर घेऊन. पायाखाली काही येईल म्हणून."

"आणि पाणी? पाणी कुठलं पितात?"

हे डॉक्टरांना सगळ्यांत जड गेलं.

"माझी बायको विजयमाला आणून देते. विहिरीचं म्हणून... नळाचं."

"त्यांना माहीत आहे?"

"नाही. ते विहिरीचं पाणी कसं पिऊ देऊ तिला? त्यात काय आहे ते मला ठाऊक आहे ना!"

"गावाला?"

"गावाला नळ आहे."

"म्हशींना?"

डॉक्टरांनी चष्मा सारखा केला.

"कागद मागं घेता येतो का?" महाराजांनी विचारलं.

"येतो. परवाच सुनावणी आहे. कारखान्याला दुसरा, मोठा पाइप टाकायचाय. तिथं माझाच कागद पुढं करणार आहेत. मी उभा राहून मंगळवारचं सांगितलं तर तो पाइप थांबेल. कदाचित पहिलाही बंद होईल." डॉक्टरांनी चष्मा काढला. "पण माझं वीस वर्षांचं नाव जाईल. मगदुमांनी तपासलं म्हणजे संपलं, असं म्हणतात लोक. आणि आईला सगळं कळेल. महाराज, उपवास सांगा. मी पाया पडतो. किती म्हणाल तितके करतो."

"उपवास पिल्लांनी केला. तुम्ही आता कशाला करताय?"

एवढं बोलून महाराज दाराकडं बघायला लागले.

"आई कुठं आहेत?"

"गाडीत. इथवर आली, पण पायऱ्या चढायला तयार नाही."

"उपाध्ये, घेऊन या त्यांना."

मी गेलो. जिनाक्का मागच्या सीटवर पाय वर घेऊन बसली होती. काय ती बाई होती, आणि काय होऊन बसली होती! मी हात धरला तर म्हणाली, "उपाध्ये, पायाखाली बघून सांगा बरं का. माझा आता काय उपेग न्हाई." मी प्रत्येक पायरीला थांबून सांगत गेलो. बारा पायऱ्या चढायला आम्हाला केवढा वेळ लागला.

आत आल्यावर तिनं लांबूनच नमोस्तु केलं.

"या, आक्का," महाराज म्हणाले. मग पुढ्यातली पोथी मिटून त्यांनी माझ्याकडं सरकवली. "ही त्यांच्यापुढं ठेवा."

मी ठेवली. जिनाक्का पोथीला डोकं टेकायला वाकली... आणि कपाळ टेकता टेकता थबकली.

"थांबा, थांबा. किडा हाय हितं."

मी वाकलो. मला काही दिसलं नाही. डॉक्टर जवळ आले, चष्मा डोळ्यांवर चढवला, पुसून पुन्हा चढवला. मग दिसला त्यांना. पोथीच्या कडेला, कागदाच्याच रंगाचा. पोथ्यांना लागते ती कसर. मोहरीच्या निम्मीही नव्हती.

जिनाक्कानं पदराचं टोक त्याच्यापुढं धरलं. घाई नाही, फुंकर नाही. तो आपण होऊन पदरावर चढेपर्यंत ती तशीच वाकून राहिली. मग गुडघ्यांवर सरकत कोपऱ्यापर्यंत गेली आणि पदर भिंतीला लावून त्याला उतरू दिलं. साठ वर्षांचा हात, कुठं चुकायला!

उतरवून झालं, आणि मग तिच्या ध्यानात आलं.

"मला... दिसला की."

 

डॉक्टर तिच्यासमोर खालीच बसले. एवढा मोठा माणूस, इस्त्रीची पँट, फरशीवर मांडी घालून.

"आई, डोळे चांगले आहेत तुझे. पहिल्यापासूनच चांगले होते. मी खोटं बोललो."

मला वाटलं, आता हिचा भडका उडेल. तर बाई हसली! चेहरा असा उजळला की बघत राहावं.

"खरं म्हंतोस? आगं बया! चांगलं हाईत? मग उद्यापास्नं मी आहाराला उभी ऱ्हाते. महाराज, उद्या आमच्या दारावरनं या हं! बघा की, उगंच सात म्हयनं..."

आणि तिथंच थांबली.

हसू तोंडावर तसंच होतं, पण डोळे पोराच्या तोंडावर खिळले.

"मग फडक्यावर जीव न्हवतं... ते खरंच न्हवतं?"

"नव्हते."

"हिरीत?"

"विहिरीत नाहीत. ओढ्यात नाहीत. कारखान्याच्या पाण्यानं गेले. ते पाणी सोडायला हरकत नाही, असं मी लिहून दिलं. मला नंतर कळलं होतं... आणि मी कुणाला सांगितलं नाही."

जिनाक्का दोन्ही हात मांडीवर घेऊन बसून राहिली. ती हाताच्या तळव्यांकडं बघत होती. रडली नाही. रडली असती तर मला बरं वाटलं असतं.

"साठ वरीस," ती म्हणाली. "येक येक जीव खाली न्हिऊन सोडला, रं. पावसात, थंडीत. तू पोटात हुतास तवा बी." मग जरा वेळानं, अगदी हळू, "ह्यापरीस डोळं गेलं असतं तर बरं झालं असतं."

डॉक्टर हुंदके देत होते. त्यांनी तिचे पाय धरले. तिनं ते ओढून घेतले नाहीत आणि त्यांच्या डोक्यावर हातही ठेवला नाही.

माझ्याही डोळ्यांना धार लागली. लपवून काय करायचंय?

"उठ," ती म्हणाली. "कागुद परत मागून घे जा."

"घेतो, आई. परवा जातो. सगळ्यांसमोर सांगतो."

"जा."

मला वाटलं, झालं एवढंच. मी सहाण उचलायला वाकलो.

पण जिनाक्का अजून विचार करत होती. बोटं एकमेकांवर चोळत होती, फडकं पिळल्यागत.

"भरतेश..."

"काय, आई?"

"जीव जगत न्हाईत त्या पाण्यात. मग मी कशी जगली?" तिनं मान वर केली. "विजयमाला मला सात म्हयनं पाणी कुठलं देतीया?"

 नळाचं पाणी तोंडात घेतलं नाही, साठ वर्षांतलं एवढंच एक तिच्याजवळ उरलं होतं, हे डॉक्टरांना कळत होतं, मलाही कळत होतं. त्यांनी वळून महाराजांकडं बघितलं. बुडणाऱ्या माणसानं काठाकडं बघावं, तसं.

महाराजांचा आवाज भरून आला होता. तो मी त्याआधी कधी तसा ऐकला नव्हता.

"माझ्याकडं नका बघू, डॉक्टर... आई विचारतेय."