खालच्याचा हात

अहो ताई, ते हळदकुंकू आधी पिशवीत ठेवा! या विहिरीत पाण्याच्या जरा वर, दगडात पंजा उमटलेला दिसतोय, तो देवाचा नाही. शहरातून येणारा जो तो वाकून त्याला नमस्कार करतो, वरून नाणी टाकतो. हात कुणाचा ते तरी विचारावं माणसानं.

तो एका शेटचा. नाव मी घेत नाही. सकाळी त्याचं नाव घेतलं तर दिवसभर अन्न मिळत नाही, असं आमच्या खांबेवाडीत मानतात, आणि माझी भाकरी अजून व्हायचीय.

हे गाव पहिल्यापासून दोर वळणाऱ्यांचं. दोर मोजायचा वावावर. दोन्ही हात पसरले की या बोटापासून त्या बोटापर्यंत एक वाव. शेट ताडमाड उंच होता. वळणाऱ्यांकडून दोर घेताना तो स्वतः मोजायचा, छाती फुगवून, हात ताणून. आणि विकताना? विकायला त्यानं लिंबा नावाचा माणूस ठेवला होता. गावात सगळ्यात आखूड हात त्याचे! वावामागे चार बोटं कमी भरायची, म्हणजे सहा वावांत चोवीस बोटं, कोपरापासून बोटांपर्यंतचा एक हात गेला. कुणी बोललंच तर शेट म्हणायचा, "माणसानं हात पसरले ना? मग वाव झाला." असा कवडीचुंबक.

या विहिरीच्या राहाटाचा दोर गावानं त्याच्याच दुकानातून घेतलेला, सहा वावांचा. तो पाण्याला पुरायचा नाही. बाया घरून तुकडा आणायच्या, टोकाला गाठ मारून पाणी काढायच्या आणि तुकडा सोडून घरी न्यायच्या. बरं का, तो तुकडाही शेटकडूनच घ्यायचा. स्वतःच्या आखूडपणावर दोनदा धंदा करणारा माणूस तुम्ही पाहिलाय का कधी?

गावाच्या टोकाला तान्हाई राहायची. नवरा गेलेला, एक बैल आणि दोर वळायची कला, एवढाच तिचा संसार. ती शेटला माल द्यायची नाही, दारातच विकायची. वाव मोजून झाले की वर आणखी एक हात सोडायची आणि मग कापायची. लोक हसायचे, शेट तर फार हसायचा.

तर सुगीचे दिवस होते, म्हणे. सगळं गाव रानात. शेटची पितळी घागर विहिरीत पडली. गळ टाकून भांडी काढणारा एक माणूस गावात होता, एका भाकरीवर काम करायचा. शेटला ती भाकरी जड झाली! धोतर खोचून स्वतःच खाचांत पाय देत उतरला. शेवाळावरून घसरला तो थेट पाण्यात. पोहता येत नव्हतं. एका हातानं कपार धरली, दुसरा वर केला आणि बोंब ठोकली.

वर होता एकटा लिंबा. त्यानं राहाटाचा दोर भराभर सोडला. टोक खाली गेलं आणि शेटच्या बोटांच्या वर थांबलं. बरोब्बर एक हात वर.

"आणखी सोड, मेल्या!"

"मालक, संपला. सहा वावच आहे. आपल्याच दुकानातला, मीच मोजलेला."

वर ताणलेला तो पंजा शेटनं त्या दगडावर इतका दाबला की दगडात ठसा उमटला, असं सांगतात. दगडाला पाझर फुटला. फुटायला पाहिजे होता तिथे नाही फुटला, ते पुढे कळेलच.

दुकानातला दोरही त्याच मापाचा, म्हणून लिंबा धावत सुटला तो तान्हाईच्या दारात. ती बैल घेऊन आली, खांद्यावर स्वतः वळलेला दोर. तोही सहा वावांचाच. पण खाली सोडला तर शेटच्या हाताशी पोचला, मनगटाला वेढा बसण्याइतका. दुसरं टोक बैलाला बांधलं आणि शेटला ओढून वर घेतलं.

काठावर पडल्यापडल्या, नाकातोंडातून पाणी गळत असताना, त्यानं पहिलं काय विचारलं असेल? "बये, हा दोर किती वाव?"

"सहा. वर एक हात."

"त्या हाताचं काय घेतेस?"

"काही नाही. दोर घेणारा माझ्यासमोर असतो. खाली लोंबकळणारा कोण असेल, मला काय ठाऊक?"

आणि तो थुंकला हो! म्हणाला, "खुळी आहेस. अशानं भिकेला लागशील." ज्या दोरानं जीव वाचवला, तो अजून मनगटाला होता त्याच्या. थू त्याच्या जिनगानीवर!

लिंबानं ते ऐकलं. दुकानाची किल्ली शेटच्या ओल्या छातीवर टाकली आणि तान्हाईच्या मागोमाग गेला. तिच्या दारात तो मरेपर्यंत दोर मोजत राहिला, त्याच आखूड हातांनी. सहा वाव झाले की कमी पडलेला एक हात भरायचा आणि तिचा एक वर द्यायचा. शेट मात्र त्या दुकानात एकटाच बसून म्हातारा झाला.

आजही आमच्या बाजारात दोर मोजून झाला की विकणारा आणखी एक हात सोडतो आणि म्हणतो, "हा खालच्याचा." त्याचे पैसे घेत नाहीत, आणि गिऱ्हाइकानं तो नाकारायचा नसतो.

आणि ताईंबरोबरचे साहेब, तुम्ही मघाशी बाजारात त्या दोर विकणाऱ्या म्हातारीशी दहा रुपयांसाठी केवढी हुज्जत घातलीत. लाज वाटली मला. काढा तो पिशवीतला दोर आणि पसरा हात. एक हात जास्तच भरेल. तो तिनं तुमच्यासाठी दिलेला नाही.