अहवालावरचं दही

“आणि ते नळकांडं फुटलं तर?” नानाशास्त्र्यांनी विचारलं.

डॉ. अनिरुद्ध खांबेटे हसला. असल्या प्रश्नांची उत्तरं त्याला तोंडपाठ होती. अणुभट्ट्यांचा किरणोत्सारी कचरा पोलादी नळकांड्यांत बंद करून खोल समुद्राच्या तळाखाली, चिकणमातीत पुरावा की नाही, हे ठरवणाऱ्या समितीचा तो प्रमुख होता. सात वर्षं त्यात गेली होती. उद्या मुंबईत अहवालावर त्याची सही झाली, की पहिली नळकांडी निघणार होती.

सहीआधी मुद्दाम वाट वाकडी करून तो खाडीकाठच्या पाठशाळेत आला होता. लहानपणी नानाशास्त्र्यांनी इथेच त्याला संथा दिली होती. त्यांनी एकदा ‘बरोबर’ म्हणावं, एवढंच त्याला हवं होतं.

त्याने समजावून सांगितलं. पोलाद गंजेल, पण माती घट्ट असते. विष झिरपत वर यायला हजारो वर्षं लागतील, तोवर ते निवलेलं असेल. जमिनीवर पुरायचं तर एकही गाव तयार होत नाही. समुद्रात कुणी राहतच नाही.

“मासे राहतात,” शास्त्री म्हणाले.

“मासे हरकत घेत नाहीत, नाना.”

बोलल्यावर त्याची त्यालाच लाज वाटली. पण गेला शब्द परत घेता येत नाही.

“हजारो म्हणजे किती रे?”

“तो आकडा... नक्की कुणालाच सांगता येत नाही.”

“हं... मराठीत लिहिलंयस ना? मथळा वाच.”

अनिरुद्ध खुलला. मराठी मसुदा त्याने स्वतः केला होता. ‘टाकणे’, ‘पुरणे’ हे शब्द लोकांना खुपतील म्हणून खोडले होते आणि त्यांच्या जागी एक सोवळा शब्द शोधून घातला होता.

“किरणोत्सारी कचऱ्याचे सागरतळी विसर्जन.”

“पुन्हा वाच.”

त्याने पुन्हा वाचलं. शास्त्र्यांच्या तोंडून ‘बरोबर’ काही निघालं नाही.

अनिरुद्धचा पारा चढला. जगाने मान डोलावली आणि या म्हाताऱ्यापुढे अजून परीक्षाच द्यायची. तो उठला, नमस्कार केला आणि उजवा तळहात पुढे धरला. निघणाऱ्याच्या हातावर दही घातल्याशिवाय या पाठशाळेतून कुणाला सोडत नसत. दही खाऊन गेलेला माणूस परत येतो म्हणतात.

शास्त्र्यांनी आतून वाटी आणली. पळीभर दही घेतलं. पुढे आलेला तळहात ओलांडून ते अहवालाच्या उघड्या पानावर घातलं, नेमकं ‘विसर्जन’ या शब्दावर.

“नाना, सहीची प्रत आहे ती.”

“गणपती पोचवायच्या आधी मूर्तीच्या हातावर दही ठेवतोस... तेव्हा काय म्हणतोस?”

“पुनरागमनाय च,” तो सवयीने बोलून गेला. पुन्हा येण्यासाठी...

तळहात अजून तसाच रिकामा होता. दह्याचं पाणी खालच्या पानांत उतरत चाललं होतं.

शास्त्र्यांनी पळी धुऊन ठेवली.

“बोलावलंस खरं... येईल तेव्हा दार कुणी उघडायचं?”