खोताचा उचललेला पाय

समुद्रकाठच्या एका गावात आबाजी नावाचा एक खोत होता. गावाला धक्का नव्हता. एका सपाट खडकाला होड्या लागत आणि बायका डोक्यावर माशांच्या पाट्या घेऊन त्यावरून अनवाणी ये-जा करत. नारळी पौर्णिमेला त्याच खडकाच्या टोकावरून खोताने अनवाणी जाऊन पहिला नारळ सोडायचा, असा रिवाज होता.

खडकाला टोपीच्या आकाराचे शेकडो शंख घट्ट चिकटलेले असत. गाव त्यांना चिकटे म्हणे. एका पौर्णिमेला ते खोताच्या नाजूक तळव्यांना टोचले. झालं, त्याचं डोकं फिरलं.

"उपटा सगळे! चिकटायचंच असेल तर पलीकडच्या समुद्रबांधाच्या भिंतीला चिकटवा."

तीस वर्षं पाटी वाहणारी शेवंता आडवी आली. "खोतानू, ह्यो जीव भरतीक चराक जाता आणि ओहोटीक आपल्याच जाग्यार येता. त्येच्या कवचाची कड त्याच जाग्याक घासून बसलेली आसता. दुसरीकडे फट रवता, आतला पाणी सुकता, तो मरता. आणि तो शेवाळ खाता, म्हणान आमचे पाय टिकतत."

"मला शिकवतेस?" खोत ओरडला. गडी कोयते घेऊन खडकावर उतरले.

भिंतीवरचे चिकटे चार ओहोट्यांत वाळून मेले. दिवाळीपर्यंत सगळा खडक हिरवा, बुळबुळीत झाला. एके सकाळी शेवंता पाटीसकट घसरली आणि तिचं मांडीचं हाड मोडलं. खोत बघायला आला तो काय म्हणाला? "खाली बघून चालता येत नाही?" लाज नावाची चीज त्या माणसाला ठाऊकच नव्हती.

पुन्हा नारळी पौर्णिमा आली. खोत नारळ घेऊन खडकापाशी पोचला. त्याने पाय उचलला, शेवाळाकडे पाहिलं आणि पाय मागे घेतला. मग शेजारच्या गड्याला म्हणाला, "तू जा रे पुढे."

म्हणजे त्याला सगळं कळत होतं!

काठीवर रेललेली शेवंता गर्दीतून पुढे आली. "खोतानू, मान तुमचो. चला फुडे."

खोत हलला नाही. गाव त्या पायाकडे बघत राहिलं. शेवंताने त्याच्या हातातून नारळ हिसकावला आणि लंगडत वाळूवरूनच पाण्यात सोडला. खोताला तो मान पुन्हा कुणी दिला नाही.

काही वर्षांनी खडकावर चिकटे परत आले. शेवंताच्या डोक्यावर पाटी मात्र परत चढली नाही.

तात्पर्य: मुकाट्याने आपली वाट राखणाऱ्यांना जो उपटून टाकतो, त्याला त्या वाटेवरून सगळ्यांच्या आधी चालायला लावावं; आणि तेही कुणाचं हाड मोडण्यापूर्वी.