दगडी दार आणि पाटलाची काठी

गोष्ट, गोष्ट! दिवसभर गुरांमागं पाय मोडायचे आणि वर तुम्हाला गोष्टी सांगायच्या. तुमची आजी जाऊन बसलीय बहिणीकडं. तिला जमतं बरं हे. मला नाही गोड गोड बोलता येत. सरका, पाय आखडा. मधे कुणी बोललं तर तिथंच थांबेन.

एक होता राजा. त्याचं इथं फारसं काम नाही, पण राजाशिवाय तुम्ही ऐकत नाही. त्याच्या राज्यात एक लहानसं गाव होतं आणि गावाच्या डोक्याशी बांध घालून अडवलेलं मोठं तळं. तळ्याला दगडी दार. राजानं काय केलं, गावच्या पाटलाला एक काठी दिली. ती टेकवली की दार आपोआप वर. आणि लखबा पाटकऱ्याला, म्हणजे पाटाचं पाणी शेताशेताला पाळीनं सोडणाऱ्याला, पाण्याचं बोलणं कळेल असे कान दिले. पाटकऱ्यानं ऐकायचं, पाटलानं दार उघडायचं. एकाचं काम दुसऱ्यानं करायचं नाही, बरं का.

मग आला पोळा. पाऊस लागून राहिलेला, तळं काठोकाठ. सकाळी पाणी लखबाला म्हणालं, "अवघडलंय रे मला. वाट कर."

लखबा पळत वेशीत गेला. तिथं सगळं गाव जमलेलं. तोरणाखालून पहिला बैल कुणाचा, यावर शिदोजी पाटील आणि त्याचा चुलतभाऊ येसाजी भांडत होते.

"पाटील, दार उघडायला चला."

"आधी मानाचं मिटू दे," शिदोजी म्हणाला. "जा, पाण्याला सांग दम धर म्हणून."

लखबानं जाऊन सांगितलं. पाणी बिचारं थांबलं.

दुपारी बांध पाझरायला लागला. "लखबा, आता नाही रे धरवत." मग हा पुन्हा वेशीत. शिदोजी म्हणाला, "तुझं पाणी फार बडबड करतं बुवा." सगळे हसले. लखबाही हसला थोडा. हसायला नको होतं.

तिसऱ्यांदा पाणी बोललंच नाही. नुसते हुंदके. लखबा धावत सुटला. वेशीत शिदोजीनं काठी आडवी धरून येसाजीचा बैल अडवलेला.

"पाटील, काठी तरी द्या!"

"काठी काढली तर याचा बैल पुढं जाईल की!"

"जाऊ द्या हो बैल!"

"पाटकरी आहेस, पाटकऱ्यासारखा बोल."

लखबाचा हात काठीपर्यंत गेला. नुसती ओढायची होती. पण पाटलाच्या काठीला पाटकऱ्यानं हात लावायचा नाही, हे त्याच्या अंगात मुरलेलं. हात गेला तसा मागं आला.

आणि बांध फुटला.

घाबरू नका, कुणी मेलं नाही. तळ्यात एक म्हातारं कासव होतं, ते फुगून खळ्याएवढं झालं आणि त्यानं सगळं गाव पाठीवर घेतलं. माणसं, शेरडं, कोंबड्या, ते दोन्ही बैलसुद्धा. शेजारी शेजारी उभे होते बैल, गुपचूप. पण तळं गेलं. जाताना पाणी लखबाच्या पायाला लागून गेलं. बोललं नाही.

मग राजा आला. "तळं कुठाय?"

शिदोजी म्हणाला, "पाटकऱ्यानं सांगितलंच नाही, महाराज."

येसाजी बैलाची शिंगं पुसत बसला. हसणारे सगळे खाली बघायला लागले. राजानं लखबाचे पाणी ऐकणारे कान काढून घेतले आणि तुमच्याआमच्यासारखे साधे लावले.

मग गावानं विहिरी खणल्या. पिकं आली, लग्नं झाली, सगळे सुखात राहिले. लखबाही राहिला. फक्त विहिरीवर गेला की काठावर कान लावून बसायचा. पाणी बोलत असेलही. त्याला कुठलं ऐकू यायला?

झालं. कंदील बारीक करा आणि डोळे मिटा. आणि "चुकलं माझं" असं लखबाला कुणी म्हटलं का, हे विचारू नका. अजून म्हटलेलं नाही. म्हणायचं होतं ते शिदोजी पाटलानं.